विंडोज, लिनक्स की मॅक : छपाईच्या दुकानापुरता व्हायरसचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायण पेठेत आपले डीटीपी आणि छपाईचे दुकान आहे. तीन संगणकांवर विंडोज १० आहे आणि जुने मराठी टायपिंग सॉफ्टवेअर चालावे म्हणून चौथ्यावर अजून विंडोज ७ ठेवलेले आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल अशी कामे येतात आणि त्यांच्यासोबत ग्राहकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरसही येतो. दर वेळी फॉरमॅट मारून आपण वैतागला आहात. भाचा म्हणतो, लिनक्स टाका, त्याला व्हायरस लागतच नाही. शेजारचे डिझायनर म्हणतात, मॅक घ्या. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो : शेजाऱ्यांचे ऐकू नये, आणि भाच्याचे एका संगणकापुरतेच ऐकावे. पुण्यातल्या छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि व्हायरस लागणे हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावापेक्षा वेगळ्याच गोष्टींवर ठरते असे मला सतत दिसत आले आहे. बाहेरचा प्रोग्रॅम संगणकात कोणत्या वाटेने येतो, आल्यावर कोणाच्या अधिकाराने चालतो आणि सापडलेली भोके बुजवणारे अपडेट आपल्यापर्यंत कधी पोहोचते, हे पाहावे लागते. तिन्ही सिस्टिममध्ये या बाबतीत फरक जरूर आहे, पण आज तो लोक समजतात तेवढा मोठा राहिलेला नाही. (व्हायरस, वर्म, ट्रोजन हे प्रकार शास्त्रात वेगळे आहेत; इथे सगळ्याच उपद्रवी प्रोग्रॅमना मी व्यवहारातल्याप्रमाणे व्हायरस म्हणतो.)

विंडोजची बदनामी खोटी नाही, मात्र तिचा मोठा भाग जुना आहे. एमएस-डॉस आणि त्याच्या पायावर उभ्या असलेल्या विंडोज ९५ व ९८ या आवृत्त्यांत संगणकाचा मालक कोण आणि नुसता वापरणारा कोण, असा भेदच नव्हता. एकदा चालू झालेला कोणताही प्रोग्रॅम डिस्कच्या बूट सेक्टरपासून (संगणक सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग) सिस्टिमच्या फाइलींपर्यंत वाटेल तिथे लिहू शकत असे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसून देशोदेशी गेला, तो याच मोकळिकीचा फायदा घेऊन. विंडोज एनटीच्या घराण्यात अधिकारांची नीट व्यवस्था होती आणि २००१ साली आलेली एक्सपी त्याच घराण्यातली. पण एक्सपी बसवताना तयार होणारे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचेच, म्हणजे सगळे अधिकार असलेले असे, आणि जुने प्रोग्रॅम त्याशिवाय चालत नसल्यामुळे लोक ते तसेच राहू देत. शिवाय फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून न बोलावता येणाऱ्याला अडवणारी व्यवस्था, मूळची बंद असे; त्यामुळे २००३ चा ‘ब्लास्टर’ नेटवर्कवरून, कोणी काहीही क्लिक न करता, थेट आत शिरू शकला. ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, व्हिस्टापासून सिस्टिममध्ये बदल करण्याआधी परवानगी विचारणारी चौकट आली (आणि लोकांनी ती कटकट म्हणून बंदही करून टाकली), तर २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस सिस्टिममध्येच मिळू लागला.

असे असूनही विंडोजमध्ये दोन जुनी दुखणी आजतागायत आहेत. नवा संगणक सुरू करताना पहिले खाते अजूनही ॲडमिनिस्ट्रेटरचेच बनते, त्यामुळे परवानगीच्या चौकटीला पासवर्ड लागत नाही, नुसते ‘येस’ दाबले की काम होते. आणि दिवसभर घाईत असलेला माणूस ते दाबतोच. दुसरे म्हणजे फाइलीच्या नावाचे शेवटचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज स्वतःहून लपवून ठेवते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस यावरच जगला : पत्रासोबतची फाइल दिसायला साध्या मजकुराची होती आणि तिचे खरे शेपूट व्हीबीएसचे, म्हणजे चालणाऱ्या स्क्रिप्टचे होते. आजही ‘अहवाल.पीडीएफ.ईएक्सई’ अशा नावाची फाइल आपल्या पडद्यावर ‘अहवाल.पीडीएफ’ एवढीच दिसेल, आणि तिचे चित्रही पीडीएफचेच लावलेले असेल. फाइल एक्स्प्लोररच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवणे सुरू करायला अर्धे मिनिट लागते. मी कोणत्याही संगणकाला हात लावला की आधी तेवढे करतो.

विंडोजचा अपडेटशी असलेला संबंध समजून घ्यायला ‘वॉनाक्राय’पेक्षा चांगले उदाहरण नाही. हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, १२ मे २०१७ रोजी सुटला आणि काही तासांत अनेक देशांतली रुग्णालये, कारखाने व कार्यालये ठप्प झाली. ज्या भोकातून तो आत शिरत होता, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेले होते. बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर होते, ज्यांच्यासाठी अपडेट उपलब्ध होते आणि ते बसवलेले नव्हते. आपल्या चौथ्या संगणकाची गत याहून वाईट आहे, कारण विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. उरलेल्या तीन संगणकांवरच्या विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची एक योजना आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चांगली या वादाआधी आपल्यापुढचा खरा धोका हा आहे.

आता भाच्याच्या म्हणण्याकडे वळतो. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ या वाक्याला दोन बाजूंनी उत्तरे दिली जातात. एक बाजू म्हणते की त्याची घडणच अभेद्य आहे. दुसरी म्हणते की ते कोणी वापरत नाही, म्हणून चोर तिकडे फिरकत नाहीत. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. घडणीचा फायदा खरा आहे : इंटरनेटवरून उतरवलेली फाइल लिनक्समध्ये आपोआप चालवण्याजोगी होत नाही, तिला तशी परवानगी मुद्दाम द्यावी लागते. रोजचे काम साध्या खात्यातून होते आणि सिस्टिमला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या साइटवरून शोधून आणण्याची सवयच तिथे नाही; बहुतेक सगळे त्या त्या वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीच्या) अधिकृत भांडारातून, डिजिटल सही तपासून येते, आणि अपडेटही तिथूनच सगळ्या प्रोग्रॅमना एकत्र मिळते. मला विचाराल तर लिनक्सच्या सुरक्षिततेचा निम्म्याहून अधिक वाटा या भांडाराचा आहे.

पण लिनक्स ज्या जुन्या सिस्टिमच्या धर्तीवर घडले, त्या युनिक्सच्या घराण्याला व्हायरसचा इतिहास नाही असे समजू नये. इंटरनेटवरचा पहिला मोठा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम), नोव्हेंबर १९८८ मधला ‘मॉरिस’, युनिक्सच्याच संगणकांवर पसरला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ तिथून उतरवलेल्या प्रतीत मागचा दरवाजा बसवलेला होता. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर रॅन्समवेअरने कुलूपबंद केले आणि कंपनीला सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले. मार्च २०२४ मध्ये तर ‘एक्सझेड’ या छोट्याशा, पण जवळजवळ प्रत्येक वितरणात असणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दीर्घ काळ विश्वास संपादन करून चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड यांनी पुरवला म्हणून ती सापडली. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते, ही त्यातली गंमत.

‘कोणी वापरत नाही’ हेही टेबलावरच्या संगणकापुरतेच खरे आहे. तिथे विंडोजचा वाटा दोन तृतीयांशाहून अधिक आहे, त्यामुळे माणसाला फसवून क्लिक करायला लावणारे प्रोग्रॅम मुख्यतः विंडोजसाठी लिहिले जातात, हे उघडच आहे. सर्व्हर आणि छोट्या उपकरणांत मात्र लिनक्सचेच राज्य आहे, आणि तिथे हल्लेही त्याच्यावरच होतात. आपल्या दुकानातही लिनक्स आधीपासूनच असण्याची दाट शक्यता आहे. छताला लावलेल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि इंटरनेटचा राउटर ही उपकरणे बहुधा लिनक्सवर चालतात, आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच असतो. २०१६ मधल्या ‘मिराई’ या वर्मने नेमके असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर पकडले. त्याला कसलेही भोक शोधावे लागले नाही. कारखान्यातून आलेले युजरनेम आणि पासवर्ड लोकांनी बदललेलेच नव्हते, त्यांची यादी घेऊन तो एकेक उपकरण उघडत गेला. कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाने डीव्हीआरचा पासवर्ड काय ठेवला आहे, हे आपण कधी पाहिले आहे का? घडण कितीही भक्कम असली तरी पासवर्ड ‘ॲडमिन’ असेल आणि अपडेट कधीच होत नसेल, तर लिनक्सचेही काही चालत नाही.

फोनचेही तसेच. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप वेगळ्या कप्प्यात चालते, ही रचना विंडोजच्या साध्या प्रोग्रॅमपेक्षा कडक आहे. तरीही लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल लोक स्वतः बसवतात, एसएमएस वाचण्याची परवानगी स्वतः देतात आणि मग बँकेचा ओटीपी परस्पर निघून जातो. आपला तर धंदाच लग्नपत्रिकांचा, म्हणून वेगळे सांगतो : पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते.

मॅकबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सही नसलेला प्रोग्रॅम अडवणारी गेटकीपर ही व्यवस्था, सिस्टिमच्या फाइलींना ॲडमिनिस्ट्रेटरलाही हात लावू न देणारे २०१५ पासूनचे संरक्षण आणि हार्डवेअर व सॉफ्टवेअर एकाच कंपनीचे असल्यामुळे वेळेवर येणारी अपडेट, हे सगळे चांगले आहे. तरी २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने जावामधल्या भोकातून सहा लाखांच्या घरात मॅक पकडले होते, आणि अलीकडे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या व खोट्या जाहिरातींच्या वाटेने मॅकवर सर्रास येतात. ते पासवर्ड फोडत नाहीत, एक चौकट दाखवून मागतात, आणि लोक देतात. शिवाय जुन्या मॅकची अपडेटही थांबतातच. केवळ पेन ड्राइव्हच्या व्हायरससाठी चार मॅक घेणे हा खर्च माझ्या मते अस्थानी आहे.

आपल्याला छळणारा व्हायरस बहुधा शॉर्टकट जातीचा असावा, म्हणून तो कसा चालतो ते जरा जवळून पाहू. पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे त्यातला प्रोग्रॅम आपोआप चाले. विंडोज ७ मध्ये आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटनंतर एक्सपी व व्हिस्टामध्येही ती सोय बंद झाली. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी माणसाच्या हातूनच क्लिक करवून घ्यायचे ठरवले. मंडळाचा कार्यकर्ता पेन ड्राइव्ह देतो, विंडोजवर तो उघडल्यावर आत पेन ड्राइव्हच्याच नावाचे एकच चिन्ह दिसते आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो. आपण त्यावर डबल-क्लिक करता, फोटो आणि जाहिराती नेहमीसारख्या समोर येतात, काम सुरू होते. शंका येण्याचे कारणच नसते. प्रत्यक्षात त्या क्लिकने आधी एक स्क्रिप्ट चालवलेली असते आणि मग दाखवण्यापुरता फोल्डर उघडलेला असतो. त्या चिन्हावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ची ओळ वाचली, तर फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट या आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमपासून सुरू होणारी लांबलचक आज्ञा सापडते.

तोच पेन ड्राइव्ह लिनक्सवर उघडला तर सगळे बिंग फुटते. विंडोजचा ‘लपवा’ हा शिक्का लिनक्सचे फाइल मॅनेजर सहसा मानत नाहीत, त्यामुळे दोन-तीन केबीचा शॉर्टकट, त्याच्या शेजारची स्क्रिप्ट आणि नावच नसलेला एक फोल्डर असे सगळे उघड्यावर पडलेले दिसते. त्या फोल्डरला नाव असते, पण ते म्हणजे एक न दिसणारी मोकळी जागा; ग्राहकाच्या सगळ्या फाइली त्याच्या आत सुखरूप असतात. शॉर्टकटवर लिनक्समध्ये क्लिक केले तरी काही होत नाही, कारण तो ज्या प्रोग्रॅमला हाक मारतो ते तिथे नसतातच. फक्त त्या संगणकावर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे ‘वाइन’ बसवू नये; त्यात विंडोजचा प्रोग्रॅम चालतो तसा कधी कधी विंडोजचा व्हायरसही चालतो.

म्हणून भाच्याला सांगून अडगळीतल्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवून घ्यावे, तो गल्ल्याजवळ ठेवावा आणि बाहेरचा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी तिथेच लावावा, असे मी सुचवतो. त्यातून फक्त सीडीआर, पीडीएफ, जेपीजी, फॉन्ट अशा कामाच्या फाइली नेटवर्कवरच्या एका फोल्डरमध्ये उचलून घ्याव्यात, बाकी काहीही आत येऊ देऊ नये. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर झिप पाठवली तर तीही इथेच उघडावी. त्या संगणकावर क्लॅमएव्ही हा फुकटचा अँटिव्हायरस टाकला तर परत देताना ग्राहकाचा पेन ड्राइव्हही तपासून देता येतो. संपूर्ण दुकान मात्र लिनक्सवर नेण्याच्या फंदात पडू नये. कोरलड्रॉ, जुन्या फॉन्टमधल्या हजारो फाइली, टॅली, जीएसटीसाठीच्या डिजिटल सहीचे टोकन, यांतल्या एकेकासाठी झगडत बसण्यात ऐन गणपतीच्या हंगामात आपले नुकसान व्हायरसपेक्षा जास्त होईल.

एक विषय अवघड आहे, पण टाळता येत नाही. आपल्या संगणकांवरचे विंडोज आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले आहे की क्रॅक मारलेले, हे आपण लिहिलेले नाही आणि मी विचारतही नाही. क्रॅकसोबत येणाऱ्या सूचनेतले पहिले वाक्य ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ हे असते, एवढे लक्षात घ्यावे. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर प्रामुख्याने याच वाटेने पसरले. सकाळी दुकान उघडावे तर प्रत्येक फाइलीच्या नावाला चार अक्षरांचे अनोळखी शेपूट जोडलेले असते आणि फोल्डरात एक टेक्स्ट फाइल असते : किल्लीसाठी ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केल्यास ४९०. हा प्रोग्रॅम वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक फाइलीचा साधारण पहिला १५० केबीचा भागच कुलूपबंद करतो, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधी कधी अंशतः वाचवता येतात. छोट्या पत्रिकांच्या फाइली मात्र जातात.

इथे सगळ्याच ऑपरेटिंग सिस्टिमची एक मर्यादा उघडी पडते, आणि लिनक्सचे कैवारी ती सहसा सांगत नाहीत. साध्या खात्याचा अधिकार सिस्टिमचे रक्षण करतो, आपल्या फाइलींचे नव्हे. आपण स्वतः चालवलेला प्रोग्रॅम आपल्याच फाइली वाचू आणि बदलू शकतो, नाहीतर कामच होणार नाही. त्यामुळे त्या कुलूपबंद करायला ॲडमिनिस्ट्रेटर व्हावेच लागत नाही, मग विंडोज असो की लिनक्स. सिस्टिम पुन्हा बसवता येते, पंधरा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने पुन्हा येत नाहीत. विंडोज १० आणि ११ मधल्या डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमना लिहू न देण्याची सोय आहे, ती मूळची बंद असते. कामाच्या फोल्डरसाठी ती चालू करून कोरलड्रॉ वगैरेंना परवानगी द्यावी. पुण्यातच उभ्या राहिलेल्या क्विक हीलसारखा विकतचा अँटिव्हायरस आपल्याकडे असेल, तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो, त्यामुळे त्याची ही सोयही काम करत नाही. तेव्हा अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावी. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नयेत. बॅकअप दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर आलटून पालटून घ्यावा आणि काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर सोडत नाही.

क्रम लावायचा झाला तर मी विंडोज ७ च्या संगणकापासून सुरुवात करेन. त्याची नेटवर्कची केबल आजच काढावी. टायपिंगचे काम त्यावर चालू द्यावे, फाइल बाहेर न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठरवून ठेवावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. नंतर तिन्ही विंडोज १० संगणकांवर ॲडमिनिस्ट्रेटरचे वेगळे खाते पासवर्ड लावून करावे, दुकानातली मुले ज्या खात्यातून काम करतात ते साधे करून टाकावे, आणि तो पासवर्ड पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहू नये. यांतला कोणता संगणक विंडोज ११ घेऊ शकेल हे पाहताना टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे का आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे का, एवढे तपासावे. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो. अडगळीत जुना संगणक नसेल, तर जो घेऊ शकणार नाही त्यालाच गल्ल्याजवळचा लिनक्सचा संगणक करावा, म्हणजे त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागणार नाही. डीव्हीआर आणि राउटरचा पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावा.